जिवंत परतलेल्या सैनिकाचं नाव कुठं लिहायचं?

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा सैनिक मंडळ,
मा. गटविकास अधिकारी, पंचायत समिती,
मा. सरपंच, ग्रामसेवक व सर्व सदस्य, ग्रामपंचायत.

महोदय,

आमच्या ग्रामपंचायतीच्या दारात एक शिलाफलक आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये ‘मेरी माटी मेरा देश’ मोहिमेत गावोगाव बसले, त्यातलाच. यंदा उन्हाळ्यात गावातले मिल्ट्री आबा वयाच्या ८८ व्या वर्षी गेले. तेरावं उरकल्यावर घरच्यांनी साध्या कागदावर अर्ज दिला, की १९७१ च्या लढाईतून आलेल्या या माणसाचं नाव गावात कुठंतरी कोरलं जावं. अर्ज मासिक सभेत वाचला गेला. सदर व्यक्ती युद्धात मयत झालेली नसल्यानं अर्ज निकाली काढला, असं इतिवृत्तात एका ओळीत लिहून पुढचा विषय, म्हणजे पाणंद रस्त्याचा मुरूम, चर्चेला घेतला गेला.

ही ओळ नियमाला धरून आहे, म्हणूनच तिच्याशी भांडणं अवघड जातं. फलक प्राण दिलेल्यांचा आहे आणि त्यावर त्यांचंच नाव असावं. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर २५ हजारांहून जास्त नावं आहेत, तीही स्वातंत्र्यानंतर प्राण दिलेल्यांचीच. आमचं म्हणणं एवढंच की जो लढला, परत आला, पुढं पन्नास वर्षं याच गावात नांदला आणि खाटेवर गेला, त्याच्यासाठी दुसरी जागा सरकारनं ठेवलीच नाही. ना दगड, ना वही, ना दप्तरात एक ओळ. दुसऱ्या महायुद्धात इटलीत मराठा लाइट इन्फंट्रीच्या दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. यशवंत घाडगे १९४४ मध्ये तिथंच पडले. नामदेव जाधव १९४५ मध्ये सेनिओ नदीच्या काठावर लढले, परत आले आणि १९८४ पर्यंत जगले. आपल्या ग्रामपंचायतीचा निकष लावला तर यातल्या एकाचंच नाव दगडावर येईल.

हे पत्र आम्ही तालुक्यातले काही माजी सैनिक, सैनिकांच्या विधवा आणि त्यांची मुलं मिळून लिहीत आहोत. एकमेकांचे कागद धरून कचेऱ्यांच्या पायऱ्या चढणं हे आमचं कित्येक वर्षांचं काम. त्यामुळं खाली जे लिहिलं आहे ते ऐकीव नाही. आबांचं घर फक्त उदाहरणाला घेतलं आहे, त्यांच्या मुलांना विचारून.

आबा १९५५ ला भरती झाले, बेळगावला ट्रेनिंग झालं आणि १९७६ ला हवालदार म्हणून घरी आले. एकवीस वर्षं. वर्षाची रजा ६० दिवस. सगळी रजा मिळाली असं धरलं तरी एकवीस वर्षांत घरी असल्याचे दिवस जेमतेम साडेतीन वर्षांचे भरतात. उरलेली साडेसतरा वर्षं वावर, बैल, म्हातारी सासू आणि चार लेकरं आजींनी, म्हणजे आबांच्या बायकोनं, सांभाळली. १९७१ च्या डिसेंबरात आबांची पलटण पूर्वेला, आजच्या बांगलादेशात होती. पहिली मराठा, म्हणजे जंगी पलटण, जमालपूरच्या दक्षिणेला शत्रूची वाट अडवून बसली होती. १० तारखेच्या रात्री जमालपुरातली ३१ बलुच ही पाकिस्तानी पलटण ढाक्याकडं निसटायला निघाली, ती मराठ्यांच्या मोर्चांवरच येऊन आदळली आणि ११ ला जमालपूर हाती आलं. त्याच दिवशी टांगाईलला छत्र्यांनी उतरलेली दुसरी पॅरा ही मूळची तिसरी मराठा. दुसऱ्या दिवशी पूंगलीच्या पुलाशी दोन्ही पलटणींची गाठ पडली, आणि १६ ला ढाका. इकडं आमच्या गावात त्याच साली पाऊस दगा देऊन गेला होता, पुढचं १९७२ कसं गेलं हे मराठवाड्याला सांगायला नको. ज्याला ‘पूर्वी स्टार’ हे पूर्व आघाडीचं पदक मिळालं, त्या सैनिकाची बायको दुष्काळी कामावर खडी फोडत होती. मनीऑर्डर यायची, पण ‘९९ एपीओ’वरून, म्हणजे फौजेच्या पोस्टातून निघालेली मनीऑर्डर गावात पोचायला वेळ लागायचा आणि पोस्टमनची सायकल आठवड्यातून एकदाच यायची. त्या मनीऑर्डरींच्या पावत्या आजींनी सुतळीत ओवून ठेवल्या आहेत. पावतीच्या खाली मजकुराला तीन बोटं जागा असते. तेवढ्यात आबा लिहायचे: पैसे मिळताच पोच देणे, मोठीला शाळेत घालणे, बैल विकू नये.

अशा माणसाची ओळख कशावरून पटवायची, हा खरा प्रश्न त्याच्या मरणानंतर सुरू होतो. आता तक्रारी.

पहिली तक्रार मृत्यूच्या दाखल्याची आहे. ती सगळ्यात लहान दिसते आणि सगळ्यात जास्त छळते. मृत्यू २१ दिवसांत ग्रामपंचायतीत नोंदवायचा असतो, ते सगळे करतात. नोंदवताना नाव आधार कार्डावरून उतरवलं जातं. सैन्याच्या कागदावरचं नाव मात्र वेगळं असतं, कारण ते पन्नास-साठ वर्षांपूर्वी बहुधा हिंदी भाषक क्लार्कनं कानांनी ऐकून लिहिलेलं असतं. आपल्याकडं ‘ज्ञानोबा’चं इंग्रजी स्पेलिंग ‘डीएन’नं सुरू होतं, त्यानं ‘जीवाय’नं लिहिलं, कारण तो ज्ञ चा उच्चार ग्य करतो. आपण नाव, वडलांचं नाव, आडनाव असं सांगतो. कुठं आडनाव आधी पडलं, कुठं वडलांचं नावच आडनाव झालं, कुठं आडनाव पार गळलं. मृत्यूच्या दाखल्यावरचं नाव आणि पेन्शन पेमेंट ऑर्डरवरचं, म्हणजे पीपीओवरचं नाव जुळलं नाही, की कुटुंब पेन्शनचा अर्ज परत येतो. मग दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र, सरपंचांचा दाखला, पुन्हा अर्ज. यावर उपाय दहा मिनिटांचा आहे. ग्रामसेवकानं नोंद करताना एक प्रश्न विचारायचा, ‘माजी सैनिक होते का?’, आणि हो म्हटलं तर डिस्चार्ज बुक, म्हणजे सैन्यातून सुटताना मिळालेलं नोंदीचं पुस्तक, समोर ठेवूनच नाव लिहायचं. एकदा दाखला छापून झाल्यावर हीच दुरुस्ती महिन्यावर जाते.

जन्मतारखेचं तर आपल्याकडं वेगळंच. आबांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मसाल १३४६ आहे. तरुण अधिकाऱ्यांना ती छापायची चूक वाटते. ती चूक नाही, तो फसली सन आहे. निजामाच्या राज्यात सरकारी कागद फसलीत चालत. वर्ष ऑक्टोबरात, आजूर महिन्यानं सुरू होई. इसवी सन काढायचा तर ऑक्टोबर ते डिसेंबरच्या तारखेत ५९० मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या तारखेत ५९१. आबांचा महिना वर्षाच्या उत्तरार्धातला, म्हणजे साल १९३७. भरतीच्या टेबलावर उर्दू दाखला कुणाला वाचता येईना, म्हणून तोंडी वय लिहिलं गेलं आणि सैन्याच्या कागदावर १९३५ आलं. पुढं आधारवाल्यानं १ जानेवारी १९४० टाकली. एका माणसाच्या तीन जन्मतारखा, आणि तिन्हींवर सरकारी शिक्का. मराठवाड्यात १९४८ च्या आधी शाळेत गेलेल्या कुणाचेही कागद उघडा, हा घोळ सापडेलच. तरी आजवर एकाही कचेरीच्या भिंतीवर फसलीचं साधं कोष्टक आम्ही पाहिलेलं नाही.

दुसरी तक्रार विधवांच्या नावाची. सैन्यात लग्न झालं की ते पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे सैनिकाच्या नोंदींच्या हुकुमात, छापून यावं लागतं, लेकरांचे जन्मही. त्या काळी कित्येकांनी लग्न कळवलंच नाही, किंवा कळवलं तेव्हा माहेरचं नाव दिलं. आपल्याकडं लग्नात नाव बदलायची रीत. कागदावर सरूबाई, आधारवर सरस्वती, गावात मोठी वहिनी. नवरा जिवंत असेपर्यंत काही अडत नाही, कारण पेन्शन त्याच्या खात्यात येते. तो गेला की त्याच आठवड्यात कळतं, की पीपीओवर बायकोचं नाव नाही, किंवा आहे पण जन्मतारखेचा रकाना रिकामा आहे.

या रिकाम्या रकान्याची किंमत किती ते सांगतो. कुटुंब पेन्शन साधारणपणे शेवटच्या पगाराच्या ३० टक्के असते. वय ८० पूर्ण झालं की तिच्यावर २० टक्के वाढ मिळते, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० टक्के आणि शंभरीला दुप्पट. मूळ कुटुंब पेन्शन दहा हजार धरली तर ८० ला दोन हजार, ८५ ला तीन हजार, वर त्यावरचा महागाई भत्ता वेगळा. ही वाढ अर्ज न करता लागायला हवी, पण जन्मतारीखच नोंदलेली नसेल तर संगणकाला ती बाई ८० ची झाली हे कळणार कसं? दरमहा दोन हजारांप्रमाणं पाच वर्षांचे एक लाख वीस हजार होतात. आमच्या तालुक्यात अशा आज्या आहेत, ज्यांना आपल्याला काही कमी मिळतंय हेच ठाऊक नाही.

‘स्पर्श’ या ऑनलाइन यंत्रणेत आता हे सगळं घरबसल्या दुरुस्त करता येतं, असं उत्तर मिळतं. खरं आहे, यंत्रणा चांगली आहे. पण घरी कोण बसलं आहे ते बघा. ८३ वर्षांची बाई, फोन नातवाचा, नातू पुण्यात, ओटीपी पुण्यात. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा तर अंगठा उठत नाही, कारण जन्मभर जात्यावर दळून आणि कापूस वेचून बोटांच्या रेघाच झिजल्या आहेत. डोळ्यात मोतीबिंदू असला की बुबुळाचं यंत्रही घेत नाही. तिसरा मार्ग आहे, मोबाइलवर चेहरा दाखवून जीवन प्रमाण काढायचं. त्याला खिडकीकडं तोंड करून बसवावं लागतं, मागून उजेड नको, डोक्यावरचा पदर कपाळाच्या वर सरकवावा लागतो आणि पापणी मिटून उघडावी लागते. म्हातारी माणसं नेमकी त्या क्षणी फोनकडं न बघता फोन धरणाऱ्याकडं बघतात, म्हणून तीन-चारदा करावं लागतं. हे माहीत असलेला एक माणूस तालुक्याला महिन्यातून एक दिवस बसला तरी पुरे. आज त्यासाठी जिल्ह्याला जावं लागतं. जाऊन-येऊन दिवस जातो, आणि ‘साहेब मीटिंगला गेलेत’ हे तिथं पोचल्यावर कळतं.

तिसरी तक्रार कागदांच्या नाशाची. यात दोष आपला सगळ्यांचाच, आमच्या घरांचाही.

सैनिकाच्या घरात एक काळी पत्र्याची ट्रंक असते. आबांची ट्रंक ज्वारीच्या कणगीमागं आहे, आत गोधड्या. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण लिहिलेली. नंबर सात आकडी, २७ नं सुरू होणारा, मराठा लाइटचा असतो तसा. महार रेजिमेंटचा असता तर बहुधा ४५ नं सुरू झाला असता. पण शेवटचे दोन आकडे कडी वरखाली होऊन होऊन घासले गेलेत. डिस्चार्ज बुकाला वाळवी लागून पहिली चार पानं गेलेली. नेमकी पहिल्या पानावर नंबर असतो. मग पदकं काढली. रक्षा मेडल १९६५, संग्राम मेडल, पूर्वी स्टार, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं पदक. पदकाच्या कडेवर, स्टारच्या पाठीवर नंबर आणि नाव उठवलेलं असतं. पण दर दसऱ्याला चिंच आणि राखेनं घासून सूनबाईंनी ती इतकी लख्ख ठेवली, की गोल पदकांच्या कडा गुळगुळीत झाल्या. शेवटी पूर्वी स्टारच्या पाठीवर नंबर सापडला. टोकेरी पदक घासायला अवघड, म्हणून ते वाचलं.

हा नंबर नसला तर रेकॉर्ड ऑफिसात माणूस सापडत नाही. मराठा लाइटचं रेकॉर्ड बेळगावला, महारचं सागरला, बॉम्बे इंजिनिअर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोडला. नुसत्या नावावरून तिथं कोण शोधणार? एका आडनावाची, एका नावाची शेकड्यानं माणसं. आणि पेन्शन नसलेल्या सैनिकाची कागदपत्रं सेवा संपल्यावर २५ वर्षांनी नष्ट करायची, असा सैन्याचा नियमच आहे. मागं राहतो तो फक्त लाँग रोल, म्हणजे नंबर, नाव, भरतीची आणि सुटण्याची तारीख अशी एक ओळ. तीही नंबरवरूनच सापडते.

यात सर्वांत वाईट हाल दुसऱ्या महायुद्धातल्यांचे झाले. १९४६ ला पलटणी कमी केल्या, तेव्हा चार-पाच वर्षं नोकरी झालेल्यांना पेन्शनशिवाय घरी पाठवलं. २५ वर्षं मोजा: त्यांचे कागद १९७१-७२ च्या सुमाराला नियमानं गेले. राज्य सरकारनं अशा सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना मानधन सुरू केलं, केंद्रीय सैनिक बोर्डाचं पेन्शन नसलेल्या वृद्धांसाठी अनुदान आहे, पण सैनिक होते याचा पुरावा कुठून आणायचा? मराठवाड्यात त्याला आणखी एक गाठ आहे. इथली काही माणसं निजामाच्या फौजेत होती. पहिली हैदराबाद इन्फंट्री ही संस्थानाची पलटण. डिसेंबर १९४१ मध्ये जपानी मलायात कोटा भारूला उतरले, तेव्हा ती तिथल्या विमानतळावर होती. आणि १९ वी हैदराबाद रेजिमेंट ही वेगळी. नावात हैदराबाद असलं तरी ती ब्रिटिश हिंदी फौजेची. तिचंच १९४५ मध्ये कुमाऊँ रेजिमेंट झालं, तिचं रेकॉर्ड रानीखेतला. घरचे सांगतात ‘आजोबा हैदराबादच्या पलटणीत होते’, क्लार्क अर्ज नेमक्या चुकीच्या ठिकाणी पाठवतो, सहा महिन्यांनी ‘नोंद आढळत नाही’ असं उत्तर येतं, आणि घरचे समजतात की आजोबा खोटं बोलत होते. हे दुसरं नुकसान पैशांच्या नुकसानीहून मोठं आहे.

तेव्हाची फौजेतली माणसं आता शंभरीला टेकलेली किंवा गेलेली. १९६५ ची ऐंशीच्या घरात किंवा पुढं, १९७१ ची सत्तरीच्या पुढं. म्हणून घाई आहे.

चौथी तक्रार अंत्यविधीची, तिच्यावर फार लिहीत नाही. आबांच्या वेळी पोरांनी तिरंगा आणला. ध्वजसंहिता माहीत असलेल्या एकानं हरकत घेतली, आणि सरणाजवळ अर्धा तास वाद झाला. संहिता स्पष्ट आहे: तिरंगा पार्थिवावर फक्त शासकीय, लष्करी किंवा निमलष्करी इतमामाच्या अंत्यविधीत घालता येतो, केशरी पट्टा डोक्याकडं, आणि तो जाळायचा किंवा पुरायचा नाही. हे तलाठ्यानं सकाळीच येऊन शांतपणे सांगितलं असतं आणि सोबत एक पुष्पचक्र आणलं असतं, तर वादाला जागाच राहिली नसती. पुष्पचक्राला कुठल्या संहितेची आडकाठी नाही. त्या दिवशी तालुक्याच्या कचेरीतून कुणी आलं नाही. कळवलं होतं, फोन उचललाही गेला होता.

पाचवी, घरपट्टीची. माजी सैनिक आणि त्यांच्या विधवांना एका घराची पट्टी माफ आहे. आबा गेले, नमुना ८ वर, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीत, नाव अजून त्यांचंच, आणि पुढच्या महिन्यात आजींना मागणीबिल आलं. का, तर लाभार्थी मयत! विधवेला माफी चालू राहते हे बिल छापणाऱ्याला माहीत नव्हतं. वारसाची नोंद लावून सूट तशीच पुढं न्यायला अर्ज लागू नये.

फ्लेक्सबद्दल एक शब्द. आबांच्या तेराव्याला गावात चार फ्लेक्स लागले, त्यातल्या एकावर आबांच्या फोटोपेक्षा इच्छुक उमेदवाराचा फोटो मोठा. पहिल्या वळवाच्या पावसात ते फाटले. गावाला आठवण ठेवायची इच्छा नाही असं कुणी म्हणू नये. ती कशावर लिहायची हे गावाला कुणी सांगत नाही, म्हणून ती फ्लेक्सवर जाते.

आता मागण्या. एकही मागणी अशी नाही की जिला मोठा निधी लागेल.

प्रत्येक ग्रामपंचायतीत एक ‘माजी सैनिक नोंदवही’ ठेवावी, जाड पुठ्ठ्याची, पानांना क्रमांक घातलेली. एका सैनिकाला एक पूर्ण पान. त्यात सैन्याचा नंबर, हुद्दा, डिस्चार्ज बुकातलं नाव जसंच्या तसं आणि गावातलं नाव. तिन्ही जन्मतारखा असतील तर तिन्ही, फसलीसकट. पलटण, भरती आणि सुटण्याची तारीख, पदकं, पीपीओ क्रमांक, बायकोचं माहेरचं आणि सासरचं नाव, तिची जन्मतारीख पीपीओवर आहे की नाही, लेकरांची नावं. खाली अर्धं पान मोकळं सोडावं, त्याच्या किंवा घरच्यांच्या तोंडून आलेल्या माहितीसाठी. लिहून घेणाऱ्यानं ‘शौर्याचं काही सांगा’ असं विचारू नये, माणसं गप्प होतात. कुठल्या स्टेशनवर उतरलात, पायात काय होतं, जेवायला काय मिळायचं, शेजारी कोण होता, असं विचारावं. एका उत्तरातून दुसरं निघतं. ही वही २६ जानेवारीच्या ग्रामसभेत वाचून कायम करावी आणि दर वर्षी त्याच दिवशी पुढं लिहावी.

वही भरताना डिस्चार्ज बुक आणि पदकांचे फोटो काढून घ्यावेत, दिवसा सावलीत, फ्लॅश न वापरता, पदकाची कडा तिरप्या उजेडात धरून. तसं केलं की झिजलेली अक्षरंही बऱ्यापैकी वाचता येतात. डिस्चार्ज बुकाचं लॅमिनेशन कुणी सुचवू नये. जुना कागद आत घामेजतो, शाई पसरते आणि नंतर तो काढता येत नाही. कापडात गुंडाळून, कडुलिंबाचा पाला घालून, जमिनीपासून वर ठेवला तर तो टिकतो. पदकं कोरड्या मऊ कापडानं पुसावीत, घासू नयेत. ती चांदीची नाहीत, साध्या मिश्र धातूची आहेत, चमकली नाहीत तरी चालेल.

दुसरी मागणी दगडाची. शहिदांच्या फलकाशेजारी दुसरा फलक, गावातून सैन्यात गेलेल्या सर्वांचा: नाव, पलटण, भरतीचं आणि सुटण्याचं साल. ग्रॅनाइटवर कोरलेली अक्षरं घ्यावीत, रंगवलेली नकोत; इनॅमल रंग इथल्या दोन उन्हाळ्यांत पापुद्रे धरतो. अक्षर दीड इंचाच्या खाली गेलं की रफार आणि जोडाक्षरं बुजतात, म्हणून नावं कमी बसली तरी अक्षर मोठं ठेवावं. खाली निम्मा दगड कोरा सोडावा. कोरण्याआधी मसुदा आठ दिवस नोटीस बोर्डावर लावावा. आबांचं नाव वगळलं गेलं त्यापेक्षा ते चुकीचं कोरलं गेलं तर आजींना जास्त लागेल.

तिसरी, मृत्यूची नोंद करताना डिस्चार्ज बुक आणि पीपीओ पाहूनच नाव लिहिण्याची लेखी सूचना गटविकास अधिकाऱ्यांनी सर्व ग्रामसेवकांना द्यावी, सोबत फसलीचं कोष्टक. चौथी, जिल्हा सैनिक कल्याणचा एक कर्मचारी महिन्याच्या ठरलेल्या दिवशी तालुक्याला बसावा, आणि नोव्हेंबरात दर आठवड्याला. ८० च्या पुढच्या विधवांची यादी काढून, त्यांची जन्मतारीख पीपीओवर नसेल तर दुरुस्तीचा अर्ज त्यानंच भरून द्यावा. पाचवी, घरपट्टीची माफी विधवेच्या नावावर आपोआप जावी. सहावी, माजी सैनिकाच्या अंत्यविधीला तलाठी किंवा नायब तहसीलदारांनी पुष्पचक्र घेऊन यावं. भाषण नको.

१७ सप्टेंबरला आपण सगळे मुक्तिसंग्रामाचं झेंडावंदन करतो, १६ डिसेंबरला जिल्ह्याला विजय दिवसाचा कार्यक्रम होतो, १४ जानेवारीला माजी सैनिक दिन. त्या दिवशी शाल-श्रीफळ घ्यायला ऐंशीच्या माणसाला दोन तास मांडवात बसवून ठेवतात. ती शाल नको. त्याच दिवशी त्याचं पान नोंदवहीत भरून घ्या.

आमच्या बाजूनं सांगायचं तर आमच्या गावाची नोंदवही आम्ही सुरू केली आहे, बारा पानं भरली, त्यातली पाच विधवांनी सांगितलेली. दोन पानांवर नंबरच्या जागी अजून प्रश्नचिन्ह आहे. ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिनाच्या निधीचा डबा घेऊन आपली माणसं दरवर्षीप्रमाणं गावात येतील. डब्यात आम्ही टाकू, नेहमी टाकतो. त्याच वेळी ही वही आणि आबांच्या घरचा नवा अर्ज त्यांच्या हाती देऊ. पोच घेऊनच.

आपले,
तालुक्यातील माजी सैनिक, वीरपत्नी, सैनिक विधवा आणि कुटुंबीय